दोष म्हणजे भाकरी नव्हे

पत्र: वकीलताई, माझी मुलगी रशियात व्लादिकावकाझला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या गावाचा विमानतळ बेस्लानला आहे. २००४ साली बेस्लानच्या शाळेत अतिरेक्यांनी मुलांना ओलीस धरलं होतं, हे तिला पाठवताना आमच्या ध्यानातही नव्हतं. यंदा ३ सप्टेंबरला ती मैत्रिणींबरोबर ती शाळा बघून आली. रात्री व्हिडिओ कॉलवर रडत होती. म्हणाली, "आई, इथली माणसं म्हणतात, मुलं अतिरेक्यांनी पण मारली आणि सरकारने पण. आणि चेचन्यात त्यांचीही मुलं मेली होती, ते कोणी विचारतच नाही." हे तिच्या बाबांनी ऐकलं. ते पोलिसात हवालदार होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. एकदम भडकले. "अतिरेक्यांची वकिली करायला एवढे पैसे भरले का तुझे?" तिनेही उलट उत्तर दिलं. तीन आठवडे झाले, बापलेक बोलत नाहीत. तिच्या वर्गात एक चेचेन मुलगी आहे, तिच्याशी संबंध तोड, असा निरोप त्यांनी माझ्याकरवी पाठवला. मी तो अजून दिलेला नाही. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. लेकरं मारणाऱ्यांशिवाय आणखी कुणाला दोष दिला, तर मारणाऱ्यांचं पाप कमी होतं का?
एक आई, लातूर

उत्तर:

ताई,

तो निरोप दिला नाहीत, फार बरं केलंत. आता देऊच नका. त्याच्याकडे नंतर येते.

तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे. पाप कमी होतं का? नाही होत. दोष म्हणजे भाकरी नव्हे, की चतकोर सरकारच्या ताटात वाढली म्हणून अतिरेक्याच्या ताटातली तेवढी कमी झाली. हे पटायला तुमच्या यजमानांना तर अजिबात जड जाऊ नये, त्यांचा जन्म ठाण्यात गेलाय. सराफाचं दुकान फुटलं आणि गस्तीवरचा शिपाई झोपलेला सापडला, तर काय होतं? चोरावर गुन्हा दाखल होतो आणि शिपायाची खातेनिहाय चौकशी लागते. दोन वेगळ्या फायली. मी पंचवीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली केली. नाना तऱ्हेचे युक्तिवाद ऐकले आणि, खोटं कशाला बोलू, काही केलेही. पण 'हवालदार झोपला होता, सबब माझ्या अशिलाची शिक्षा कमी करावी' असं म्हणण्याची हिंमत एकाही वकिलाची झालेली मी पाहिली नाही.

तर पहिली फाईल. रशियात १ सप्टेंबर हा शाळेचा पहिला दिवस, आणि तिकडे तो सणासारखा असतो. पहिलीच्या पोराला पोचवायला आई-बाप, आजी, कडेवरचं धाकटं, अख्खं घर फुलं घेऊन येतं. बेस्लानच्या शाळा क्रमांक १ मध्ये ओलिसांचा आकडा अकराशेच्या वर गेला तो त्यामुळेच, आणि दिवस निवडला होता तोही त्यामुळेच. तीसहून अधिक बंदूकधारी. सगळ्यांना शाळेच्या जिममध्ये कोंडलं आणि बास्केटबॉलच्या एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत, मुलांच्या डोक्यांवर, बॉम्ब टांगले. मागणी ही, की चेचन्या या रशियाच्या प्रांतातून रशियन फौजा काढा आणि त्याला स्वतंत्र देश म्हणून मान्यता द्या. उकाड्याने मुलांनी अंगातले कपडे काढले. पाणी बंद केल्यावर काहींना स्वतःची लघवी प्यावी लागली. तिसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला दुपारी, जिममध्ये स्फोट झाले, छत पेटलं, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ३३४ माणसं गेली, त्यांतली १८६ मुलं. तुमच्या लेकीने त्या जळक्या जिममध्ये पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या पाहिल्या असतील. येणारा प्रत्येक जण एक ठेवून जातो.

या फाईलमधला मुख्य आरोपी चेचेन बंडखोरांचा म्होरक्या शामिल बसायेव. हल्ला आपणच घडवला, हे त्याने स्वतः जाहीर केलं. आणि त्याच दमात मुलांच्या मरणाचा दोष क्रेमलिनवर टाकला. का, तर त्यांनी चाल केली नसती तर मुलं मेली नसती. ही कैफियत वकील म्हणून मला फार ओळखीची वाटते. गळ्यावर सुरी ठेवणारा म्हणतो, तुम्ही धक्का दिला नसता तर ती फिरली नसती.

इथे मला थोडं थांबायचं आहे. आपण पटकन म्हणून जातो, या लोकांना लेकरांची निरागसता दिसत नाही का? दिसते. चांगली दिसते. म्हणून तर ते शाळेत येतात. छावणीत शिरले असते तर सरकार लढलं असतं आणि बाकीचे टीव्ही बघत बसले असते. मुलाला ओलीस धरून मागणी करता येते, कारण मुलाचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नसतो आणि हे जगातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. निरागसता हेच त्यांचं चलन असतं. युद्धात चुकून किंवा बेपर्वाईने पोर मरतं तेव्हा मारणाऱ्याला निदान ते मूल तिथे नसतं तर बरं झालं असतं, असं वाटण्याला जागा असते. बसायेवचा बेत मुलं तिथे असण्यावरच उभा होता. शाळा रिकामी असती तर बेतच नव्हता. म्हणून ही फाईल पूर्ण आहे, तिच्यातलं एक पान काढून दुसऱ्या कुणाच्या फाईलला लावता येत नाही.

हल्लेखोरांतला जिवंत सापडलेला एकच, नूरपाशी कुलायेव. मी कुणाला मारलं नाही, असं तो सांगत राहिला. २००६ च्या मे महिन्यात त्याला जन्मठेप झाली. बसायेव त्याच वर्षी जुलैमध्ये स्फोटात मेला.

आता दुसरी फाईल. ही तुमच्या यजमानांनी स्वतः वाचायला हवी, कारण तिच्यात त्यांच्याच खात्याची भाषा आहे. बेस्लानच्या ४०९ लोकांनी, बहुतेक वाचलेल्यांनी आणि मेलेल्यांच्या नातलगांनी, फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात आपल्या सरकारविरुद्ध दाद मागितली. एप्रिल २०१७ मध्ये निकाल लागला. शाळेच्या पहिल्या दिवसाच्या सुमारास त्या भागात हल्ला होणार, अशी बऱ्यापैकी नेमकी खबर सरकारला आधी होती. तरी शाळेला इशारा नाही, आणि बंदोबस्ताला एक पोलिस, तोही बिनहत्यारी. कारवाईची सूत्रं नक्की कुणाच्या हातात होती, याचा धड पत्ता नाही. आत मुलं असताना रणगाड्यांच्या तोफा, ग्रेनेड आणि आग फेकणारे फ्लेमथ्रोअर वापरले. फ्लेमथ्रोअर, ताई. मुलांनी भरलेल्या इमारतीवर. न्यायालयाने जगण्याच्या हक्काचा भंग झाल्याचं म्हटलं आणि सुमारे तीस लाख युरोंची भरपाई ठरवली.

त्या निकालापेक्षाही मला एक लहानशी गोष्ट जास्त टोचते. वेढा चालू असताना सरकारी माणसं टीव्हीवर सांगत होती, आत ३५४ जण आहेत. होते अकराशेच्या वर. गाव लहान, घरटी कोण आत आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि टीव्ही मात्र ३५४ वर अडलेला. वाचलेले सांगतात, आत अतिरेकी ते ऐकून जास्तच चवताळले. बाहेर उभ्या असलेल्या आईला काय ऐकू आलं असेल? की माझं पोर मोजलेलंच नाही. त्यानंतर शिक्षा कुणाला? स्थानिक पोलिस ठाण्याच्या तीन अधिकाऱ्यांवर हलगर्जीपणाचा खटला भरला आणि २००७ मध्ये तोही माफीच्या कायद्याखाली संपला. वरच्या कुणाला काही नाही. रशियातल्या प्रांतांच्या राज्यपालांच्या थेट निवडणुका मात्र हल्ल्याच्याच महिन्यात पुतिन यांनी बंद करायला घेतल्या. शाळेच्या सुरक्षेशी त्याचा काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

म्हणजे तुमची लेक ज्या माणसांचं सांगतेय, ती खोटं बोलत नाहीत. पण तिच्या वाक्यात 'अतिरेक्यांनी पण आणि सरकारने पण' असे दोन 'पण' एका वजनाचे आहेत, तिथे ती चुकते. आपल्या कायद्यात खून वेगळा, सदोष मनुष्यवध वेगळा आणि निष्काळजीपणाने घडवलेला मृत्यू वेगळा. प्रेत एकच असलं तरी कलमं वेगळी लागतात. बापाच्या रागात एवढंच बरोबर आहे: मारायला आलेला आणि सोडवायला येऊन वाईट वागलेला, यांना एका ओळीत उभं करू नये. पण दुसऱ्याला मोकळं सोडावं, असाही त्याचा अर्थ होत नाही. तो रक्षक होता, पगारी. त्याच्याकडून वेगळी अपेक्षा होती, म्हणून त्याचा दोष वेगळ्या जातीचा आहे. कदाचित नातेवाइकांना तो जास्त झोंबतो. शत्रूने दगा दिला, असं कुणी म्हणत नाही.

२०१६ च्या स्मृतिदिनी काही स्त्रिया 'पुतिन बेस्लानचा जल्लाद' अशा अक्षरांचे टी-शर्ट घालून त्या जिममध्ये उभ्या राहिल्या. त्यांना पोलिसांनी उचललं, शिक्षा केल्या. मला विचाराल तर 'जल्लाद' हा शब्द बॉम्ब टांगणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. पण ज्या बाईचं पोर तिथे गेलं, तिचा शब्द मी दुरुस्त करायला जाणार नाही. आणि तिला दंड करणाऱ्याला तर तोंडच नाही.

आता तिसरी गोष्ट, चेचन्यातल्या मुलांची. तुमच्या घरातलं भांडण मुळात यावरूनच पेटलेलं दिसतं.

लेक म्हणते ते खरं आहे. ४ फेब्रुवारी २००० ला कातिर-युर्त नावाच्या चेचेन गावावर रशियन विमानांनी अडीचशे आणि पाचशे किलोचे बॉम्ब टाकले. गावात बाहेरून जीव वाचवायला आलेली हजारो माणसं होती. एक बाई घरच्यांना गाडीत घालून गावाबाहेर निघाली होती, बॉम्ब रस्त्यावर पडला. तिचा मुलगा गेला आणि नात्यातल्या तीन मुली गेल्या. तिच्या जागी तुम्ही-मी असतो तर काय केलं असतं, हे सांगणं अवघड आहे. तिने काय केलं ते मात्र नोंदलेलं आहे. तिने अर्ज केला. रशियात दाद लागेना, म्हणून स्ट्रासबूर्गला केला. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला: वस्तीवर असली अस्त्रं टाकणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग.

ताई, हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. चेचेन आई आणि बेस्लानच्या आया एकाच न्यायालयाच्या दारात गेल्या, एकाच सरकारविरुद्ध, जवळपास एकाच तक्रारीसाठी. मुलं आत असताना तुम्ही मोठी अस्त्रं का वापरलीत? यांच्यात भांडण नाहीच. 'आमची मुलं मेली तेव्हा कोणी विचारलं?' हा प्रश्न विचारण्याचा हक्क कातिर-युर्तच्या त्या बाईला आहे. बसायेवने तो तिच्याकडून उचलला आणि त्याचं ओझं दुसऱ्यांच्या लेकरांच्या अंगावर टाकलं. दुःख तिचं, वापर याचा. दुसरा मार्गच नव्हता, असं कुणी म्हणालं, तर मी त्या बाईच्या अर्जाकडे बोट दाखवीन. चेचन्याच्या स्वातंत्र्यासाठीच लढणाऱ्या अस्लान मस्खादोवने, तिथल्या निवडून आलेल्या माजी अध्यक्षाने, बेस्लानचा निषेध केला होता. जखम त्यालाही होतीच. (त्या न्यायालयाचा दरवाजा रशियन नागरिकांना २०२२ पासून बंद झाला. पुढच्या आया कुठे जातील, देव जाणे.)

कारण सांगणं वेगळं आणि समर्थन करणं वेगळं, हे आपण पोरांना शिकवत नाही. आपण त्यांना गोष्टी सांगतो, खरं तर त्यात ते असतं. अश्वत्थाम्याची तक्रार खोटी होती का? त्याच्या बापाला कपटाने मारलं, तेही धर्मराजाच्या तोंडून खोटं वदवून. 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. त्या खोट्याची शिक्षा ज्याची त्याला झाली. पण म्हणून रात्री तंबूत शिरून द्रौपदीची झोपलेली पाच पोरं मारणाऱ्याच्या कपाळावरची जखम कुणी भरून दिली नाही. ती अजून भळभळते म्हणतात. गोष्ट सांगणाऱ्याने दोन्ही खाती वेगळी ठेवली, आणि ऐकताना आपल्यालाही कधी गोंधळ झाला नाही. ३५४ चा आकडा ऐकला की मला तो टेकलेला रथ आठवतो.

तुमच्या यजमानांशी बोलताना मात्र रशियाचं नाव काढू नका. त्यांना २६/११ विचारा. तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलून कसाबला धरलं, हे त्यांना तोंडपाठ असेल. त्याच हल्ल्यानंतर आपल्या राज्य सरकारने राम प्रधान यांची समिती नेमली, आणि तिने मुंबई पोलिसांच्या कारभारातल्या त्रुटी लिहून दिल्या. तेव्हा कसाबची बाजू घेतली, असं प्रधानांना कुणी म्हणालं का? कसाब २०१२ मध्ये येरवड्यात फासावर गेला, त्रुटींचा अहवाल आपल्या जागी राहिला. बेस्लानमध्येही विशेष दलांचे दहा जवान मेले, त्यांतले काही मुलांना पाठीशी घालताना. त्याच कारवाईत रणगाडेही डागले गेले. एकाच दलात दोन्ही असतं. तीस-पस्तीस वर्षं वर्दीत काढलेल्या माणसाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण लेकीच्या तोंडून ऐकताना ते त्याला स्वतःवरचं बोट वाटलं असावं. हा माझा अंदाज. तुम्ही त्यांना जास्त ओळखता.

राहिली ती चेचेन मुलगी. २००४ मध्ये तिचा जन्म तरी झाला होता का? दोषाला रक्तगट नसतो. बेस्लाननंतर त्या भागात सगळ्यांना धास्ती होती, की चाळीस दिवसांचा दुखवटा संपला की बेस्लानकडचे ओसेतियन लोक शेजारच्या प्रांतातल्या इंगुश लोकांवर सूड उगवतील, कारण हल्लेखोरांत इंगुश होते आणि १९९२ मध्ये दोन्ही बाजूंत रक्तपात होऊन गेलेला होता. पोरं पुरून आलेल्या त्या गावाने तसा सूड उगवला नाही. ज्यांचं गेलं त्यांनी जे केलं नाही, ते आपण लातुरात बसून लेकीला करायला सांगायचं? वर्गमैत्रीण आहे, शरीरशास्त्राच्या वह्या एकमेकींना देत असतील, देऊ द्या.

लेकीला एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगा. यातलं काहीही इन्स्टाग्रामवर टाकायचं नाही, व्हॉट्सअॅप स्टेटसलाही नाही. त्या देशात टी-शर्ट घातलेल्या आयांना उचललं, तिथे परदेशी विद्यार्थिनीला कोण विचारतो? मनात ठेव, वहीत लिही, घरी बोल. घरी बोलायची सोय तुम्ही करायची आहे.

फोन तुम्ही लावा, पण 'बाबांशी बोल' म्हणू नका, आणि त्यांना 'समजावून सांगा' असंही नको. दोघांना एकच प्रश्न द्या. तिला म्हणावं, तू तिथे काय बघितलंस ते बाबांना सांग, मत नंतर सांग. जिम केवढी होती, कडी अजून आहेत का, भिंतीवर फोटो कसे लावलेत. पोलिसाला पंचनामा ऐकायची सवय असते, तो मध्ये बोलत नाही. आणि तिने तिथे बाटली ठेवली का, तेही विचारा. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. रात्री दहाला लावलात तर तिची साडेसात झालेली असेल, जेवण उरकून बसलेली असेल.